जर्मनीची वृत्तपत्रे: मोठी नावे आणि जिल्ह्याची पाने

उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: तिथले मुख्य राष्ट्रीय वृत्तपत्र कोणते? दुकानात इतकी वेगवेगळी नावे का दिसतात? त्यांतले कोणते कोणत्या विचारांचे आहे? आणि एकच वृत्तपत्र घ्यायचे ठरवले, तर ते कोणते असावे? जर्मन वृत्तपत्रांचे रोजचे वाचन, त्यांचे सारांश आणि अनुवाद हेच माझे बरीच वर्षे काम असल्यामुळे हे उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी दैनिकांवरून किंवा लंडनच्या वृत्तपत्रांवरून ‘राष्ट्रीय वृत्तपत्रा’ची जी कल्पना तयार होते, ती जर्मनीला नीट लागू पडत नाही. देशभर मिळणारी, देशभर उद्धृत होणारी सात-आठ नावे आहेत आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहेच. परंतु ज्या जर्मन घरात रोज सकाळी वृत्तपत्र येते, त्या घरात ते बहुधा त्या शहराचे किंवा त्या प्रदेशाचे असते. केवळ मोठी नावे वाचून जर्मनीची राजकीय चर्चा कळेल. तो देश रोज सकाळी काय वाचतो, हे मात्र त्याने कळणार नाही.

याचे पहिले कारण इतिहासात आहे. ज्याला जगातले पहिले छापील वृत्तपत्र मानले जाते, ते योहान कारोलुसचे ‘रेलाट्सिओन’ १६०५ मध्ये श्ट्रासबुर्ग येथे निघाले. हे शहर आज फ्रान्समध्ये असले तरी तेव्हा ते जर्मन साम्राज्यातले मुक्त नगर होते. पहिले दैनिक १६५० मध्ये लाइपझिशला निघाले. त्या काळी जर्मन भाषकांचे एक राज्य नव्हते आणि एक राजधानीही नव्हती. अनेक संस्थाने होती, मुक्त नगरे होती, आणि जवळजवळ प्रत्येकाचा आपला छापखाना, आपला परवाना आणि आपला सेन्सॉर होता. त्यामुळे लंडन किंवा पॅरिसप्रमाणे सगळी वृत्तपत्रे एका शहरात गोळा होण्याचे कारणच घडले नाही. नाझी सत्तेच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या शेवटच्या वर्षांत जर्मनीत चार हजारांहून अधिक वृत्तपत्रे निघत होती आणि त्यांतली बहुतेक लहान गावांची होती.

ऑक्टोबर १९३३ च्या संपादक कायद्याने नाझी सरकारने संपादकांना राज्याच्या हुकुमाखाली आणले आणि ज्यू पत्रकारांना या व्यवसायातून हद्दपार केले. बर्लिनमधल्या उल्श्टाइन कुटुंबाला आपली मोठी प्रकाशनसंस्था १९३४ मध्ये विकावी लागली. देशाबाहेरही नाव असलेले ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’ १९४३ च्या ऑगस्टअखेर बंद करण्यात आले. युद्ध संपेपर्यंत बहुतांश खप पक्षाच्या मालकीच्या एका प्रकाशनसंस्थेकडे गेला होता.

आजचे चित्र त्यानंतरच्या चार वर्षांनी घडवले. दोस्त राष्ट्रांनी जुनी सगळी वृत्तपत्रे बंद केली आणि परवाना मिळालेल्या व्यक्तीलाच नवे वृत्तपत्र काढता येईल असा नियम केला. युद्ध चालू असतानाच, २४ जानेवारी १९४५ रोजी, नुकत्याच जिंकलेल्या आखेन शहरात ‘आखेनर नाखरिश्टन’चा पहिला अंक निघाला. जूनमध्ये त्याचा परवाना हाइनरिश होलांड्स या समाजवादी लोकशाही पक्षाच्या खिळेजुळाऱ्याला मिळाला. नाझी काळात वृत्तपत्रे चालवणाऱ्या जुन्या मालकांना परवाने द्यायचे नाहीत, असे धोरण होते. अमेरिकेच्या ताब्यातल्या विभागात एकाच वृत्तपत्राचा परवाना वेगवेगळ्या राजकीय विचारांच्या दोन-तीन माणसांना मिळून दिला जाई, जेणेकरून एका पक्षाचा ताबा राहू नये. ब्रिटिश विभागात उलट पद्धत होती. तिथे एकेका पक्षाच्या जवळच्या माणसांना वेगवेगळे परवाने देऊन समतोल साधण्याचा प्रयत्न झाला. म्युनिकच्या ‘झ्युडडॉयचे त्साइटुंग’चा पहिला अंक ६ ऑक्टोबर १९४५ रोजी निघाला. त्याच्या पहिल्या छपाईसाठी, ज्या शिशाच्या पाट्यांवरून हिटलरचे ‘माइन काम्फ’ छापले जात असे, त्या वितळवण्यात आल्या होत्या.

हे परवाने शहराशहरांना, विभागाविभागांना वाटले गेले. बर्लिन चार तुकड्यांत विभागलेले होते, पुढे तर त्याचा पश्चिम भाग भिंतीने वेढला गेला. त्यामुळे राजधानीचे वृत्तपत्र हेच देशाचे वृत्तपत्र, असे होण्याची उरलीसुरली शक्यताही संपली. फ्रांकफुर्ट, म्युनिक, हाम्बुर्ग, ड्युसेलडॉर्फ, श्टुटगार्ट, कोलोन, हानोफर या प्रत्येक शहरात स्वतःच्या ताकदीवर उभे राहिलेले मोठे वृत्तपत्र तयार झाले. जर्मन वृत्तपत्रसृष्टीचे हे विकेंद्रीकरण मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटते.

सप्टेंबर १९४९ मध्ये परवान्याची अट उठली आणि जुने मालक शेकड्यांनी परत आले. त्यांची बहुतेक वृत्तपत्रे गावपातळीची होती. त्यांच्याकडे गावातली ओळखपाळख होती, छापखाना होता, जाहिरातदार होते. नव्हती ती फक्त देशाच्या आणि जगाच्या बातम्या देणारी यंत्रणा. तेव्हा अनेकांनी एक मार्ग धरला: देश-विदेशाची, अर्थकारणाची, अग्रलेखाची पाने एखाद्या मोठ्या वृत्तपत्राकडून तयार घ्यायची आणि आत आपली स्थानिक पाने घालायची. बाहेरून घेतलेल्या या पानांना तिथे ‘मांटेल’ म्हणतात. मुंबई-पुण्याची मुख्य पाने आणि आत जिल्ह्याची पुरवणी, ही रचना मराठी वाचकाच्या सवयीची आहे. फरक एवढाच की आपल्याकडे दोन्ही पानांवर एकच नाव असते, तर जर्मनीत बाहेरची पाने एका घराण्याची आणि मथळ्यावरचे नाव शंभर-दीडशे वर्षे जुन्या एखाद्या गावपत्राचे, असे राजरोस असते.

त्यामुळे जर्मनीत किती वृत्तपत्रे आहेत, या साध्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येत नाही. वाल्टर श्युट्स या अभ्यासकाने हा प्रश्न आयुष्यभर हातात धरला. ठरावीक काळाने, एका ठरावीक दिवशी देशभर निघालेल्या सगळ्या दैनिकांचे अंक गोळा करून ते बाजूबाजूला ठेवायचे आणि ज्यांची राजकीय पाने सारखी आहेत ते सगळे मिळून एकच संपादकीय घटक मोजायचा, अशी त्याची पद्धत होती. पश्चिम जर्मनीत १९५४ मध्ये असे २२५ घटक होते; १९७६ पर्यंत ते १२१ वर आले. एकीकरणानंतर पूर्वेची भर पडली आणि तरीही २०१२ मध्ये संपूर्ण जर्मनीत ते १३० होते. मात्र वेगवेगळ्या स्थानिक आवृत्त्यांची संख्या १९५४ मध्ये आणि २०१२ मध्येही दीड हजारांच्या आसपासच होती. नावे राहिली, त्यांच्यामागची स्वतंत्र डोकी कमी झाली. ‘जर्मनीत वृत्तपत्रांची विविधता अफाट आहे’ असे विधान वाचनात आले की ते कोणत्या आकड्यावर उभे आहे, हे मी प्रथम पाहते.

ही गोष्ट एका उदाहरणाने स्पष्ट होईल. डॉर्टमुंडमध्ये ‘वेस्टफेलिशे रुंडशाउ’ नावाचे, समाजवादी लोकशाही पक्षाच्या परंपरेतून आलेले वृत्तपत्र आहे. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्या मालक समूहाने संपूर्ण संपादकीय विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि सुमारे १२० पत्रकारांचे काम गेले. वृत्तपत्र मात्र बंद झाले नाही. फेब्रुवारीपासून त्याची बाहेरची पाने त्याच समूहातल्या दुसऱ्या वृत्तपत्राकडून येऊ लागली आणि डॉर्टमुंडची स्थानिक पाने चक्क आजवरच्या प्रतिस्पर्ध्याकडून, ‘रुर नाखरिश्टन’कडून, घेतली जाऊ लागली. महापालिकेच्या एखाद्या निर्णयावर ज्या शहरात कालपर्यंत दोन बातमीदार जात होते, तिथे एकच बातमी दोन वृत्तपत्रांच्या नावाखाली छापली जाऊ लागली. ही आर्थिक अपरिहार्यता होती असे मालकांचे म्हणणे होते आणि तोटा खराही होता. तरी वाचकाच्या दृष्टीने पाहता, मथळ्यावरचे जुने नाव तसेच ठेवून त्यामागचे माणूसबळ काढून घेणे मला योग्य वाटत नाही.

जर्मनीतल्या बहुसंख्य जिल्ह्यांत आज स्थानिक बातम्या देणारे एकच दैनिक उरले आहे. त्यातही बाहेरची पाने मोजक्या केंद्रीय कार्यालयांतून येतात. हानोफरच्या माडसाक समूहाने २०१३ मध्ये उभारलेले संपादकीय केंद्र स्वतःच्या वृत्तपत्रांखेरीज इतरही अनेकांना पाने पुरवते. एसेनच्या फुंके समूहाचे असेच केंद्र बर्लिनला आहे. या समूहाने २०१३ मध्ये आक्सेल श्प्रिंगर कंपनीकडून ‘हाम्बुर्गर आबेंडब्लाट’, ‘बर्लिनर मॉर्गेनपोस्ट’ आणि काही नियतकालिके मिळून ९२ कोटी युरोंना घेण्याचा व्यवहार ठरवला. श्प्रिंगर प्रादेशिक वृत्तपत्रांतून बाहेर पडते आहे, याची ती खूण होती.

पूर्व जर्मनीची गोष्ट वेगळी आहे आणि तुम्ही लाइपझिश, ड्रेस्डेन, केमनिट्स किंवा येनाला जाणार असाल तर ती आधी माहीत असलेली बरी. साम्यवादी राजवटीत ३९ दैनिके होती. त्यांत सत्ताधारी पक्षाचे मध्यवर्ती मुखपत्र ‘नॉयेस डॉयचलांड’ आणि प्रत्येक विभागाची पक्षपत्रे प्रमुख होती. या विभागीय पत्रांचा खप प्रचंड होता. भिंत पडल्यानंतर नागरिकांच्या चळवळींतून अनेक नवी, लहान, धीट वृत्तपत्रे निघाली. ती टिकली नाहीत, कारण १९९० आणि १९९१ मध्ये ही जुनी विभागीय पक्षपत्रे, त्यांच्या छापखान्यांसह आणि वर्गणीदारांसह, पश्चिमेकडच्या धनाढ्य प्रकाशकांना विकण्यात आली. केमनिट्सचे ‘फ्राये प्रेसे’ लुडविग्सहाफेनच्या समूहाकडे गेले, हालेचे ‘मिटेलडॉयचे त्साइटुंग’ कोलोनच्या डुमॉंट घराण्याकडे, ड्रेस्डेनचे ‘झेक्सिशे त्साइटुंग’ हाम्बुर्गच्या ग्रुनर उंड यार कंपनीकडे. पश्चिमेत दोस्त राष्ट्रांनी जाणीवपूर्वक मोडलेली एकाधिकाराची रचना पूर्वेत एकीकरणाच्या वेळी तशीच्या तशी पुढे चालू राहिली. फक्त मालक बदलला. पूर्वेच्या वाचकांना आपले वृत्तपत्र परक्यांच्या हातात आहे असे जे वाटते, त्याची मुळे इथे आहेत. २०२४ मध्ये ‘झेक्सिशे त्साइटुंग’ माडसाक समूहाकडे गेले. त्याच शहरातले दुसरे दैनिक, ‘ड्रेस्ड्नर नॉयेस्टे नाखरिश्टन’, आधीपासून याच समूहाचे आहे. ‘नॉयेस डॉयचलांड’ मात्र आज लहान आकारात, ‘एन डी’ या नावाने, वाचक आणि कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थेमार्फत निघते.

आता मोठ्या नावांकडे वळते. ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने त्साइटुंग’, म्हणजे ‘एफ ए झेड’, १ नोव्हेंबर १९४९ पासून निघते. ते उजवीकडे झुकलेले, अर्थकारणात उदारमतवादी आणि भाषेच्या बाबतीत अत्यंत काटेकोर आहे. त्याला एकच मुख्य संपादक नसतो. तीन-चार जणांचे संपादक मंडळ ते चालवते आणि मालकीचा मोठा भाग एका न्यासाकडे आहे. मोजके अपवाद सोडले तर ऑक्टोबर २००७ पर्यंत त्याच्या पहिल्या पानावर छायाचित्र नसे. ‘झ्युडडॉयचे त्साइटुंग’ डावीकडे झुकलेले उदारमतवादी आहे. त्याच्या पहिल्या पानावरचा ‘श्ट्राइफलिश्ट’ हा निनावी लघुलेख १९४६ पासून चालू असून, जर्मन भाषा शिकणाऱ्याने तो जरूर वाचावा. तो समजू लागला की आपले जर्मन चांगले झाले असे मानायला हरकत नाही. २०१६ मधले पनामा कागदपत्रांचे प्रकरण, म्हणजे १ कोटी १५ लाख दस्तऐवज, प्रथम याच वृत्तपत्राच्या पत्रकारांच्या हाती आले होते. ‘डी वेल्ट’ ब्रिटिशांनी १९४६ मध्ये हाम्बुर्गला सुरू केले आणि १९५३ मध्ये श्प्रिंगरने घेतले. ते स्पष्टपणे उजवे आहे. अर्थविषयक दैनिकांत ड्युसेलडॉर्फचे ‘हांडल्सब्लाट’ महत्त्वाचे आहे.

‘टात्स’ हे बर्लिनचे डावे दैनिक मला विशेष जवळचे आहे. १९७९ मध्ये पर्यायी चळवळीतून ते उभे राहिले आणि १९९२ मध्ये त्याची सहकारी संस्था झाली. हजारो वाचक भागधारक आहेत. सहकाराची परंपरा महाराष्ट्रात साखर कारखान्यांपासून बँकांपर्यंत पसरलेली असूनही दैनिक वृत्तपत्र वाचकांच्या सहकारी मालकीने दशकानुदशके चालवणे आपल्याला साधलेले नाही, याची मला खंत वाटते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘टात्स’ने सोमवार ते शुक्रवारचा छापील अंक थांबवला. आठवडाअखेरचा अंक छापला जातो, बाकी दिवस ते फक्त डिजिटल स्वरूपात असते. घाईगर्दीने झालेला हा निर्णय नव्हता. वाचक-मालकांशी काही वर्षे चर्चा करून त्याची तयारी करण्यात आली होती.

साप्ताहिकांत ‘डी त्साइट’ आणि ‘डेर श्पीगेल’ ही दोन नावे टाळून चालणार नाही. हाम्बुर्गहून गुरुवारी येणाऱ्या ‘डी त्साइट’चा खप सहा लाखांच्या आसपास आहे. दैनिके आकसत असताना मोठ्या आकाराची पाने आणि लांबलचक लेख असलेले हे साप्ताहिक टिकून राहिले, ही गोष्ट ‘लोकांना आता लांब वाचायला नको असते’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. माजी चान्सलर हेल्मुट श्मिड्ट १९८३ पासून त्याच्या प्रकाशक मंडळात होते. ‘श्पीगेल’चे महत्त्व त्याच्या मजकुराहून मोठे आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये सैन्याच्या संरक्षणसज्जतेवर टीका करणारा लेख छापल्याबद्दल देशद्रोहाच्या आरोपाखाली त्याच्या कार्यालयावर छापा पडला आणि त्याचे संस्थापक-प्रकाशक रुडॉल्फ आउगश्टाइन यांना १०३ दिवस कोठडीत ठेवण्यात आले. लोक रस्त्यावर आले, संरक्षणमंत्री फ्रांत्स योझेफ श्ट्राउस यांना पद सोडावे लागले. वृत्तपत्रस्वातंत्र्य राज्यघटनेच्या पाचव्या कलमात १९४९ पासून लिहिलेले होते. ते व्यवहारात मिळवण्यासाठी मात्र १९६२ चा तो संघर्ष करावा लागला.

‘बिल्ड’विषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. २४ जून १९५२ रोजी आक्सेल श्प्रिंगर यांनी सुरू केलेले हे दैनिक मोठ्या अक्षरांचे, छायाचित्रांचे आणि चढ्या आवाजाचे आहे. १९८० च्या दशकात त्याचा खप ५० लाखांच्या आसपास होता, आज तो १० लाखांच्या आसपास आहे. देशभर खरोखर सगळीकडे विकले जाणारे हे एकमेव दैनिक म्हणता येईल आणि बर्लिनमधले मंत्री सकाळी ते आधी पाहतात. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थी नेते रुडी डुच्के यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा ‘बिल्ड’च्या भडक मजकुराला जबाबदार धरून विद्यार्थ्यांनी श्प्रिंगरच्या गाड्या अडवल्या. १९७७ मध्ये ग्युंटर वालराफ हा पत्रकार नाव बदलून हानोफरच्या कार्यालयात नोकरीला राहिला आणि तिथे बातम्या कशा रचल्या जातात हे त्याने उघड केले. जर्मन वृत्तपत्र परिषदेच्या जाहीर ताशेऱ्यांमध्ये ‘बिल्ड’चे नाव वारंवार येते. ते वाचू नका असे मी म्हणणार नाही. सामान्य माणसाच्या रागाला तिथे कोणते शब्द दिले जातात, हे कळण्यासाठी ते अधूनमधून पाहावे. त्यातल्या बातमीवर विसंबून मत बनवू नये.

दुकानात दिसणाऱ्या विविधतेचे श्रेय मात्र फारसे कुणी न बोलणाऱ्या एका यंत्रणेला द्यायला हवे. ती म्हणजे ‘ग्रोसो’, म्हणजेच घाऊक वितरण. एकेका भागात एकच घाऊक वितरक असतो. त्याने सर्व प्रकाशकांना समान वागणूक द्यायची, छापील किमतीतच विक्री व्हायची आणि न खपलेले अंक दुकानदाराने विनाखर्च परत करायचे, असे तिचे नियम आहेत. परतीची खात्री असल्यामुळे रेल्वे स्थानकाजवळचा लहानसा दुकानदारही तुर्की दैनिक, बुद्धिबळाचे मासिक आणि डाव्या गटाचे पत्रक शेजारी शेजारी ठेवू शकतो. ही पद्धत स्पर्धेच्या विरोधात आहे असा दावा एका मोठ्या प्रकाशकाने केला होता. सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये ती ग्राह्य धरली. म्युनिकच्या रस्त्यांवर वृत्तपत्रांच्या पेट्या असतात. झाकण उघडून अंक काढायचा आणि फटीत नाणी टाकायची. पेटीजवळ कुणी बसलेले नसते.

फुकट वाटली जाणारी दैनिके जर्मनीत का नाहीत, हेही यातच सांगते. १९९९ च्या अखेरीस नॉर्वेच्या शिब्स्टेड कंपनीने कोलोनमध्ये ‘२० मिनुटेन’ हे मोफत दैनिक सुरू केले. लगेच श्प्रिंगर आणि डुमॉंट यांनीही आपापली मोफत दैनिके बाजारात उतरवली आणि २००१ मध्ये शिब्स्टेड माघारी गेल्यावर स्वतःची बंद केली. जुन्या घराण्यांनी आपला बाजार राखला.

परंतु खरा आधार दुकान कधीच नव्हता. प्रादेशिक वृत्तपत्रे वर्गणीवर जगतात. पहाटे अंधारात घरोघरी पेपर टाकणारी माणसे ही या व्यवसायाचा कणा आहेत. १९९१ मध्ये दैनिकांचा एकूण खप २ कोटी ७३ लाखांच्या आसपास होता. आज तो त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पूर्वी उत्पन्नाचा दोन तृतीयांश भाग जाहिरातींतून येई. शनिवारच्या जाडजूड अंकात नोकऱ्या, घरे, मोटारी यांच्या छोट्या जाहिराती असत (बहुतेक जर्मन दैनिके रविवारी निघत नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या रविवार पुरवणीचे काम तिथे शनिवारचा अंक करतो). त्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि उत्पन्नाचे पारडे वर्गणीकडे झुकले. १ जानेवारी २०१५ पासून देशात किमान वेतनाचा कायदा आला. पेपर टाकणाऱ्यांना पूर्ण दर देण्यासाठी प्रकाशकांना तीन वर्षांची सवलत दिली गेली, कारण गावोगावच्या वितरणाचा खर्च झेपणार नाही असे त्यांचे म्हणणे होते. कष्टाची रात्रपाळी करणाऱ्या माणसांना सर्वांत शेवटी किमान वेतन मिळाले, हे मला पटलेले नाही. पण खर्चाची अडचण खरी होती, हे पुढे दिसले.

थुरिंगिया राज्यातल्या ग्राइट्स जिल्ह्यात, मे २०२३ मध्ये फुंके समूहाने आपल्या प्रादेशिक दैनिकाचा छापील अंक काही विरळ वस्तीच्या गावांत पोहोचवणे थांबवले. तीनशेच्या आसपास वर्गणीदारांचा हा प्रश्न होता. टेकड्यांमधल्या विखुरलेल्या गावांत एकेक अंक पोहोचवण्याचा खर्च वर्गणीहून जास्त झाला होता. या वाचकांना टॅब्लेटवर वृत्तपत्र वाचायला शिकवण्याची सोय करण्यात आली आणि त्यांतल्या अनेकांनी ती स्वीकारली. त्याच वर्षी ब्रांडेनबुर्गच्या प्रिग्निट्स भागातही माडसाकने छपाई थांबवली. तीनशे हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण संपूर्ण युरोपात वृत्तपत्रांचा विचार करणाऱ्यांनी या तीनशे घरांकडे पाहिले, कारण जिथून रोजचा छापील अंक हटतो तिथून पुढे बातमीदारही हटण्याचा धोका असतो.

सरकारने मदत करावी का, यावर तिथे बरीच चर्चा झाली. वृत्तपत्रांवर कमी दराने, म्हणजे ७ टक्के, विक्रीकर आहे आणि डिसेंबर २०१९ पासून तो डिजिटल अंकांनाही लागू झाला. २२ कोटी युरोंची थेट मदत देण्याची योजना मात्र एप्रिल २०२१ मध्ये सोडून देण्यात आली. राज्याच्या पैशाविषयीचा संशय जर्मन पत्रकारितेत खोलवर आहे. १९३३ नंतर जे घडले त्याची आठवण असलेल्या देशात तो असणे स्वाभाविक आहे. दुसरीकडे, शुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीने आपल्या संकेतस्थळांवर वृत्तपत्रासारखा लिखित मजकूर किती द्यावा, यावर प्रकाशकांनी २०११ पासून न्यायालयात झगडा केला आणि त्यावर बंधने घालायला लावली.

एका लहान वृत्तपत्राचा उल्लेख राहून जाऊ नये. झेक सीमेजवळच्या बाउट्सेन शहरात ‘सेर्बस्के नोविनी’ हे सोर्बियन भाषेतले दैनिक निघते. सोर्ब हा जर्मनीतला स्लाव्ह भाषा बोलणारा अल्पसंख्य समाज आहे. या भाषेत शिकणारी, बोलणारी माणसे फार थोडी आहेत आणि तरीही सोमवार ते शुक्रवार रोज त्यांच्या भाषेत जगाच्या आणि गावाच्या बातम्या छापल्या जातात. केवळ बाजाराच्या हिशेबावर ते टिकले नसते. त्यामागे सार्वजनिक निधी आहे आणि तो योग्य ठिकाणी खर्च होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुम्ही काय करावे ते सांगते. पहिले वर्षभर ज्या शहरात राहाल तिथल्या प्रादेशिक वृत्तपत्राची विद्यार्थी सवलतीतली डिजिटल वर्गणी घ्या. मोठी दैनिके विकत घेण्याची गरज नाही. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड काढले की अनेक ठिकाणी त्यांतली बरीचशी घरबसल्या वाचता येतात. डॉइचलांडफुंक या सार्वजनिक रेडिओवर रोज वृत्तपत्रांच्या अग्रलेखांचा आढावा असतो. त्यात ‘एफ ए झेड’च्या शेजारी एखाद्या लहान शहराच्या दैनिकाचा उताराही वाचला जातो आणि कोणते वृत्तपत्र कोणत्या बाजूला झुकते, हे महिन्याभरात आपोआप कळू लागते.

वृत्तपत्र हाती आले की दोन गोष्टी पाहण्याची सवय लावून घ्या. एक म्हणजे ‘इम्प्रेसुम’. प्रत्येक राज्याच्या वृत्तपत्र कायद्यानुसार प्रकाशक, छापखाना आणि मजकुराला जबाबदार असलेल्या संपादकांची नावे एका चौकटीत छापणे बंधनकारक आहे. बाहेरच्या पानांचा जबाबदार संपादक हानोफर किंवा बर्लिनचा आणि स्थानिक पानांचा तुमच्या शहराचा, अशी विभागणी तिथे सरळ दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे बातमीच्या शेवटी किंवा सुरुवातीला असलेली आद्याक्षरे. ‘डी पी ए’ अशी अक्षरे असतील तर ती बातमी १९४९ मध्ये स्थापन झालेल्या, माध्यमसंस्थांच्याच सामायिक मालकीच्या वृत्तसंस्थेकडून आली आहे आणि त्याच दिवशी इतर पन्नास ठिकाणीही छापली गेली असेल. दोन-तीन लहान अक्षरांची खूण असेल, तर ती त्या कार्यालयातल्या एका विशिष्ट पत्रकाराची आहे. जिल्हा पंचायतीची बैठक, रुग्णालयाचा प्रसूती विभाग बंद होण्याचा वाद, ट्रामचा नवा मार्ग, परदेशी विद्यार्थ्यांच्या निवासाचा प्रश्न, अशा बातम्यांखाली ती अक्षरे किती वेळा दिसतात ते मोजा. ज्या वृत्तपत्रात ती रोज चार-पाच ठिकाणी दिसतात, ते घ्यावे, मग त्याचा झुकाव तुमच्या मताचा असो वा नसो.